तीन मतांची जागा : सेंट्रल फिन्सबरी, 1892

2,959 आणि 2,956. लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघात जुलै 1892 मध्ये पडलेली ही मतं. वरचा आकडा लिबरल पक्षाच्या दादाभाई नौरोजींचा, खालचा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे मावळते खासदार कॅप्टन फ्रेडरिक पेंटन यांचा. जुन्या लेखनात हा फरक पाच मतांचा दिलेलाही सापडतो. अधिकृत आकड्यांत तो तीनच आहे.

शाळेच्या पुस्तकात या निवडणुकीला एक ओळ मिळते : ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून गेलेले पहिले भारतीय. (काटेकोरपणे बोलायचं तर सरधन्याच्या बेगम समरूचा वारस डेव्हिड डाइस सोम्ब्रे 1841 मध्येच सडबरीतून निवडून आला होता. पैसे वाटल्याचं सिद्ध होऊन 1842 मध्ये त्याची निवड रद्द झाली. तेव्हा त्याचं नाव कोणी अभिमानाने घेत नाही, हे समजण्यासारखं आहे.) पण त्या एका ओळीत प्रत्यक्ष निवडणूक कुठेच नसते. तिकीट कसं मिळालं, पक्षातून कोण आडवं आलं, यादीत नावं कोणाची होती, मतदारांना न्यायला गाड्या कोणाच्या आल्या, हे सगळं आपण आपल्या वॉर्डाच्या निवडणुकीबद्दल चहाच्या टपरीवर उभं राहून विचारतो. दादाभाईंच्या निवडणुकीबद्दल विचारत नाही. आणि विचारलं नाही, की ‘पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरींनी काळा माणूस म्हटलं, इंग्लिश मतदार चिडले, दादाभाई जिंकले’ ही गोष्ट खरी वाटू लागते. ती गोष्ट सुबक आहे. तारखा लावून पाहिल्या तर मात्र ती तशी उभी राहत नाही.

आधीचे तीन पराभव

सुरुवात 1885 पासून करायला हवी. त्या वर्षी इंग्लंडमध्ये निवडणूक होती आणि हिंदुस्थानातून तीन प्रतिनिधी तिकडे पाठवले गेले : मुंबईचे नारायण गणेश चंदावरकर, कलकत्त्याचे मनमोहन घोष आणि मद्रासचे सेलम रामस्वामी मुदलियार. इंग्लिश मतदारांपुढे हिंदुस्थानची बाजू मांडायची, एवढंच त्यांचं काम. चंदावरकर तेव्हा तिशीचेही नव्हते. त्याच निवडणुकीत लालमोहन घोष हे लंडनच्या डेटफर्डमधून स्वतः लिबरल उमेदवार म्हणून उभे राहिले आणि पडले. 1886 मध्ये पुन्हा उभे राहिले, पुन्हा पडले.

1886 मध्येच दादाभाई होबर्नमधून उभे राहिले. वय साठ. एल्फिन्स्टन कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक, ‘रास्त गोफ्तार’ या वृत्तपत्राचे संस्थापक, कामा कंपनीतून 1855 मध्ये लंडनला गेलेले व्यापारी, बडोद्याचे दिवाण, मुंबई कायदेमंडळाचे सभासद, एवढं सगळं करून झालेला हा माणूस. पण होबर्नच्या मतदाराला यातलं काय माहीत? इंग्लंडात पोहोचून काही महिने झाले असतील तोच लिबरल पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचं आयर्लंडच्या स्वराज्याचं विधेयक कोसळलं, लिबरल पक्ष दुभंगला आणि निवडणूक येऊन आदळली. होबर्न ही टोरींची, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्हांची, पक्की जागा. निकाल : कर्नल फ्रान्सिस डंकन 3,651, नौरोजी 1,950. लाटेविरुद्ध, परक्या ठिकाणी, तयारीला वेळ नसताना घेतलेली ही मतं मला तरी कमी वाटत नाहीत.

यातून दादाभाईंनी जो धडा घेतला, तोच या प्रकरणाचा गाभा आहे. भाषणं करून जागा मिळत नाही. जागा मिळवायची तर तिथे जाऊन बसावं लागतं.

क्लार्कनवेल

सेंट्रल फिन्सबरी म्हणजे मुख्यतः क्लार्कनवेल. घड्याळजी, सोनार, नक्षीकाम करणारे, छपाईवाले यांची ही वस्ती. इथलं घड्याळ एका छपराखाली बनत नसे. एक जण फक्त स्प्रिंगा करी, दुसरा फक्त तबकड्या, तिसरा काटे. ज्याने त्याने आपापल्या खोलीत, बहुतेक वरच्या मजल्यावर उजेडासाठी रुंद केलेल्या खिडकीशी बसून काम करायचं आणि तयार भाग हातोहात पुढच्या कारागिराकडे पोचवायचा. स्विस आणि अमेरिकन स्वस्त घड्याळांनी हा धंदा शतकाच्या शेवटी खाली आणला होता. हातात कौशल्य, खिशात चणचण आणि डोक्यात राजकारण, असा हा मतदार. क्लार्कनवेल ग्रीन हे सभा-मोर्चांचं ठरलेलं ठिकाण होतं आणि भोवती कामगारांचे रॅडिकल क्लब होते.

पेंटन हे त्याच भागातले जमीनदार. शेजारचं पेंटनव्हिल ज्या घराण्याच्या नावाने ओळखलं जातं, त्याच घराण्यातले. 1886 मध्ये त्यांनी ही जागा लिबरलांकडून अगदी थोडक्यात खेचून घेतली होती. म्हणजे जागा काठावरची. लिबरल इच्छुकांची रांग लागणार, हे ओघानेच आलं.

ऑगस्ट 1888 मध्ये तिथल्या लिबरल-रॅडिकल संघटनेने उमेदवार निवडला, तो दादाभाईंना. प्रतिस्पर्धी रिचर्ड ईव्ह थोड्या मतांनी मागे राहिले आणि त्यांनी निकाल मानायला नकार दिला. सभा नीट बोलावली नव्हती, मतं नीट मोजली नव्हती, पुन्हा निवड करा, अशी त्यांच्या गटाची तक्रार. आपल्याकडे याला सरळ बंडखोरी म्हणतात. ही बंडखोरी चार वर्षं चालली. एकाच पक्षाचे दोन उमेदवार एकाच मतदारसंघात फिरत होते, दोघांची कार्यालयं, दोघांच्या सभा. लंडनमधले पक्षाचे वरिष्ठ उघडपणे दादाभाईंच्या पाठीशी उभे राहायला कचरत होते. त्यांना जागा हवी होती आणि ‘हा माणूस निवडून येईल का’ ही शंका त्यांनाही होती, फक्त ते ती सभेत बोलून दाखवत नव्हते. ईव्ह यांनी माघार घेतली ती मतदान तोंडावर आल्यावर.

आता तारीख बघा. निवड ऑगस्टची. सॉल्सबरींचं एडिंबरोतलं भाषण 30 नोव्हेंबर 1888 चं. होबर्नचे कर्नल डंकन वारले होते आणि तिथे पोटनिवडणूक होऊन टोरींचं मताधिक्य घटलं होतं. ते का घटलं, हे पंतप्रधान समजावून सांगत होते. त्यांच्या बोलण्याचा आशय असा, की 1886 ची तुलना गैरलागू आहे, कारण तेव्हा डंकनसमोर एक काळा माणूस उभा होता. मानवजातीने कितीही प्रगती केली असली, आपण पूर्वग्रह कितीही मागे टाकले असले, तरी ब्रिटिश मतदारसंघ काळ्या माणसाला निवडून देईल इथपर्यंत आपण आलोत, असं मला वाटत नाही.

गदारोळ झाला. लिबरल वर्तमानपत्रांनी सॉल्सबरींना धारेवर धरलं. दादाभाईंचा वर्ण पंतप्रधानांपेक्षा उजळ आहे, असे विनोदही छापून आले. (ते विनोद आज वाचताना अवघडायला होतं. काळं असण्यात गैर काय, हे कोणी विचारत नव्हतं. हा माणूस काळा नाही, एवढंच सगळे सांगत होते.) जानेवारी 1889 मध्ये नॅशनल लिबरल क्लबमध्ये दादाभाईंचा सत्कार झाला. जो माणूस दोन महिन्यांपूर्वी एका मतदारसंघातल्या भांडणातला एक पक्ष होता, त्याचं नाव देशभर झालं.

या अपमानाचा फायदा झाला, तो मतांत नाही. उमेदवारी टिकण्यात झाला, असं मला वाटतं. एडिंबरोच्या भाषणानंतर लिबरल पक्षाला दादाभाईंना बाजूला काढणं कठीण झालं, कारण काढलं असतं तर सॉल्सबरींचं म्हणणं खरं ठरलं असतं. ईव्ह यांच्या गटाचा मार्ग तिथे अरुंद झाला. मतदानाच्या दिवशी मात्र साडेतीन वर्षांपूर्वीचं भाषण आठवून कोणी जिना उतरून मत द्यायला जात नाही.

यादी

मग काय आठवून जातो? खरं तर कोणीतरी दार वाजवतो म्हणून जातो. आणि दार वाजवण्याआधी यादीत नाव असावं लागतं.

1884 च्या मताधिकाराच्या कायद्यानंतरही इंग्लंडात प्रत्येक दहा प्रौढ पुरुषांमागे साधारण सहाच मतदार होते. स्त्रिया पूर्णच बाहेर. घराचा ताबेदार म्हणून नाव लागायचं तर जुलैच्या मध्यापर्यंतचे बारा महिने तिथे राहिल्याचं दाखवावं लागे. भाडेकरू म्हणून हवं असेल तर बिनसामानाच्या खोल्यांचं वार्षिक मोल दहा पौंड तरी हवं आणि दर वर्षी नव्याने अर्ज करायचा. शरद ऋतूत ‘रिव्हायझिंग बॅरिस्टर’ या वकिलासमोर सुनावणी होई. तिथे दोन्ही पक्षांचे एजंट गठ्ठे घेऊन हजर. आपल्या माणसांची नावं घालायची, समोरच्याच्या माणसांवर हरकती घ्यायच्या. कोणाची दोनच खोल्यांची बिऱ्हाडं, कोण सहा महिन्यांपूर्वीच हललं, कोणाच्या भाड्याची पावती नाही. तयार झालेली यादी जानेवारीपासून लागू.

म्हणजे जुलै 1892 च्या मतदानाला वापरलेली यादी 1891 च्या जुलैतल्या मुक्कामावर बेतलेली होती. क्लार्कनवेलसारख्या वस्तीत वर्षभरात किती बिऱ्हाडं बदलत असतील, हे चाळीत राहिलेल्याला वेगळं सांगायला नको. जो गल्ली सोडून तीन मैलांवर गेला, त्याचं नाव अजून जुन्या पत्त्यावर. त्याला शोधून काढायचं, मतदानाच्या दिवशी कामावरून सुटल्यावर गाठायचं आणि आठच्या आत केंद्रावर आणायचं. मतदानाची वेळ सकाळी आठ ते रात्री आठ होती.

आणायचं कशात? 1883 च्या कायद्याने निवडणूक खर्चाला मर्यादा घातली होती. मत मागत फिरण्यासाठी पगारी माणसं ठेवणं बंद, मतदारांसाठी गाड्या भाड्याने घेणं बंद. पण कोणी आपली स्वतःची बग्गी एक दिवस उसनी दिली तर चालत असे. आता बग्ग्या कोणाकडे असणार? जमीनदाराच्या मित्रांकडे. घड्याळाच्या तबकड्या करणाऱ्याकडे नव्हेत. कायदा दोघांना सारखाच लागू, सोय एकाचीच.

या सगळ्या उलट्या उतारावर दादाभाईंकडे एक गोष्ट होती : चार वर्षं. ते तिथल्या क्लबांत गेले, सभांना बसले, आयर्लंडच्या स्वराज्याला, आठ तासांच्या कामाच्या मागणीला, स्त्रियांच्या मताधिकाराला पाठिंबा देत राहिले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी त्यांच्यासाठी शुभेच्छांचं पत्र दिलं. बडोद्याच्या सयाजीरावांनी पैशाची मदत केली. खासदाराला पगार नव्हता (तो 1911 मध्ये सुरू झाला) आणि निवडणूक अधिकाऱ्याचा खर्चसुद्धा उमेदवारांनीच वाटून द्यायचा, हे ध्यानात घेतलं की त्या मदतीचं वजन कळतं.

मतदान आणि मोजणी

ब्रिटनभर एकाच दिवशी मतदान होण्याची पद्धत तेव्हा नव्हती. 1892 ची निवडणूक 4 ते 26 जुलै अशी चालली. एका शहराचा निकाल वाचून दुसरं शहर मत देई. लंडनच्या जागा पहिल्या काही दिवसांतच उरकल्या.

मोजणीत पेंटन आणि नौरोजी यांचे गठ्ठे जवळजवळ सारखे झाले तेव्हा त्या टेबलावर काय झालं असेल, ते आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या मोजणीला कधी बसलेल्या माणसाला नेमकं माहीत असतं. खालचे गठ्ठे पुन्हा वर येतात. खूण चौकटीत आहे की रेघेवर, यावर दोन प्रतिनिधी एकमेकांच्या खांद्यावरून वाकतात. बाद मतं हातात घेऊन दिव्याशी धरली जातात. आपल्याकडे समसमान झालं तर चिठ्ठी टाकतात. तिथे निवडणूक अधिकारी स्वतः त्या मतदारसंघाचा मतदार असेल तर त्याला निर्णायक मत देता येई, आणि 1886 मध्ये अ‍ॅश्टन-अंडर-लाइनची जागा तशीच सुटली होती. सेंट्रल फिन्सबरीत ती वेळ तीन मतांनी टळली.

एकूण मतं 5,915. पेंटन यांनी निवडणूक अर्ज दाखल केला. असे अर्ज 1868 पासून पार्लमेंटऐवजी न्यायाधीशांसमोर चालत, आणि अर्जदाराला हजार पौंडांची हमी भरावी लागे. पुढे त्यांनी तो मागे घेतला. दादाभाईंच्या नावावर मात्र कायमची कोटी झाली : नौरोजीचं ‘नॅरो-मेजॉरिटी’, म्हणजे निसटतं मताधिक्य.

आता एक कडू मुद्दा. 1886 मध्ये थोडक्यात हातची गेलेली जागा, 1892 मध्ये लंडनभर लिबरलांना वाढ. अशा वेळी कोणताही सामान्य लिबरल उमेदवार इथे आरामात यायला हवा होता. दादाभाई आले तीन मतांनी. ईव्ह प्रकरणाने काही मतं खाल्ली असतीलच. पण सॉल्सबरी म्हणाले होते तो पूर्वग्रह खोटा होता, असं हा निकाल सांगत नाही. तो खरा होता, आणि त्याला पुरून उरेल एवढं काम झालेलं होतं. तीन मतं एवढं.

मोठं चित्रही काठावरचंच

गंमत अशी की अख्ख्या देशाचा निकालही फिन्सबरीसारखाच लागला. 670 जागांच्या सभागृहात लिबरल 272. कॉन्झर्व्हेटिव्ह आणि त्यांच्यासोबतचे लिबरल युनियनिस्ट (आयर्लंडच्या स्वराज्याला विरोध करून फुटलेले लिबरल) मिळून 314 च्या आसपास. म्हणजे सर्वांत मोठा गट टोरींचा. पण आयरिश पुढारी पार्नेलच्या बाजूचे आणि विरोधातले असे दोन्ही आयरिश गट मिळून 81 होते आणि ते ग्लॅडस्टनच्या पारड्यात गेले. वेस्ट हॅम साउथमधून केअर हार्डी आणि बॅटर्सीतून जॉन बर्न्स हे कामगार उमेदवार निवडून आले. ग्लॅडस्टन तेव्हा बयाऐंशीचे. प्रचारात चेस्टरला एका बाईने फेकलेला कडक जिंजरब्रेड त्यांच्या डोळ्यावर बसला होता. मिडलोथियनमधलं त्यांचं स्वतःचं हजारोंचं मताधिक्य 690 वर आलं.

11 ऑगस्टला सॉल्सबरी सरकार 350 विरुद्ध 310 मतांनी पडलं. त्या 350 पैकी एक मत सेंट्रल फिन्सबरीचं होतं. दोनच दिवस आधी, 9 ऑगस्टला, दादाभाईंनी सभागृहातलं पहिलं भाषण केलं होतं. शपथ त्यांनी बायबलवर नव्हे, अवेस्तावर घेतली होती.

चाळीसच्या बहुमतात किती जोर असतो, ते लगेच दिसलं. आयर्लंडचं स्वराज्य विधेयक 1 सप्टेंबर 1893 ला 301 विरुद्ध 267 ने लोकसभागृहात पास झालं आणि आठच दिवसांत वरच्या सभागृहातल्या लॉर्डांनी 419 विरुद्ध 41 ने फेकून दिलं.

दादाभाईंच्या स्वतःच्या कामाचंही तेच. सनदी सेवेची परीक्षा फक्त लंडनमध्ये होत असे. ती एकाच वेळी हिंदुस्थानातही व्हावी, असा ठराव हर्बर्ट पॉल यांनी 2 जून 1893 ला मांडला आणि दादाभाईंनी त्याच्या बाजूने भाषण केलं. त्यांच्याच पक्षाच्या सरकारचा विरोध असताना अर्ध्या रिकाम्या सभागृहात ठराव 84 विरुद्ध 76 ने जिंकला. इकडे आनंदीआनंद. सरकारने तो मत मागवायला हिंदुस्थानात धाडला, इथल्या प्रांतिक सरकारांनी (मद्रास सोडून) नकार कळवला, आणि ठराव फायलीत बसला. त्या डिसेंबरात दादाभाई मुंबईला उतरले तेव्हा त्यांच्या स्वागताला लोटलेल्या गर्दीला या फायलीची अजून कल्पना नव्हती. तिथून ते लाहोर काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी गेले.

जुलै 1895 मध्ये पुन्हा निवडणूक झाली. लिबरल देशभर झोपले. सेंट्रल फिन्सबरीत दादाभाई विल्यम मॅसी-मेनवेअरिंग यांच्याकडून 805 मतांनी हरले. ज्या काठावर ते 1892 मध्ये उभे होते, तो पहिल्याच धक्क्याला सुटला. 1906 मध्ये ऐंशीच्या वयात नॉर्थ लॅम्बेथमधून ते परत उभे राहिले, तिथेही पडले.

1895 च्या त्याच निवडणुकीत ईस्ट लंडनच्या बेथनल ग्रीन नॉर्थ ईस्टमधून जॉर्ज हॉवेल या जुन्या कामगार पुढाऱ्याला 160 मतांनी पाडून एक उमेदवार आला : मुंबईचेच पारशी, मंचरजी भावनगरी. त्यांना तिकीट कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचं होतं. पंतप्रधान होते लॉर्ड सॉल्सबरी.